बालाघाटावरचा बर्फ

रणधीर पुण्याहून कळंबला कायमचा परत आला, तेव्हा भेटेल त्याला सांगायचा, "मातीची ओढ लागली." खरी गोष्ट अशी, की तो ज्या जाहिरात कंपनीत होता तिनं एका शुक्रवारी निम्म्या लोकांना घरी बसवलं आणि त्या निम्म्यांत तो होता. त्याची बायको शिवांजली, तिला त्याच सुमारास कळंबच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची नोकरी लागली होती. ढोकी रोडला वडिलांनी बांधून ठेवलेलं घर होतं, घरात आई एकटी होती. एवढी सोय असली की मातीची ओढ लागायला वेळ लागत नाही.

वरच्या खोलीत त्यानं स्टुडिओ थाटला. भिंती पांढऱ्या करून घेतल्या, मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर आणला आणि दारावर इतक्या बारीक अक्षरांची पाटी लावली की कुरिअरवाला कायम शेजाऱ्यांकडं पार्सल देऊन जायचा. रणधीरचं म्हणणं, अक्षर बारीक असलं की माणूस जवळ येतो.

कामं तशी मिळत होती. पण गावाला डिझायनर म्हणजे फ्लेक्सवाला एवढंच माहीत, याचं त्याला फार दुःख होतं. मोंढ्यातल्या एका खत-बियाणांच्या दुकानदारानं दुकानासाठी चिन्ह करून मागितलं. रणधीरनं बरेच दिवस विचार केला आणि पांढऱ्या कागदावर मधोमध एक हिरवा ठिपका काढून नेला. दुकानदारानं कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला, नखानं ठिपका खरवडला.

"ह्ये कीड हाय का किडीचं अंडं?"

"ही शक्यता आहे," रणधीर म्हणाला. "बीज. सुरुवात."

"कणीस टाका की वो एखादं. गिऱ्हाइकाला कळंल तरी."

रणधीरनं कणीस टाकलं. घरी येऊन शिवांजलीला म्हणाला, "या गावाला रिकामी जागा बघवत नाही."

"गावाला पाऊस नसला की रिकामीच जागा दिसते," ती म्हणाली. "कंटाळले असतील."

गावावरचा राग तो संध्याकाळी काढायचा. फोन घेऊन फिरायला निघायचा आणि दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढायचा. 'वधू-वर सूचक केंद्र व बोअरवेल मशीन भाड्याने मिळेल'. 'न्यू प्राचीन हेअर कटिंग'. 'येथे दुध शुध्द मीळेल'. 'कळंबदर्शन' असं नाव देऊन हे फोटो तो इंटरनेटवर टाकायचा, खाली एखादी खोचक ओळ लिहायचा, आणि पुण्याचे मित्र हसून हसून बेजार व्हायचे. कळंबात हे फारसं कुणी बघत नव्हतं. केशकर्तनालयाच्या मालकानं एकदा बघितलं, पण त्याला वाटलं रणधीर फुकट जाहिरात करतोय. त्यानं त्याला चहा पाजला.

आणि मग त्याची बिअर होती.

बिअर घरी बनवायचं खूळ त्यानं पुण्याहूनच आणलं होतं. मागच्या अंगाची एक खोली त्यानं त्यासाठी घेतली. मोड आणून वाळवलेलं धान्य भरडायचं, गरम पाण्यात मुरवायचं, त्यात हॉप्स नावाची परदेशी वेलाची वाळकी फुलं टाकून उकळायचं, गार झालं की यीस्ट सोडून पिंपात कोंडायचं. पिंपाच्या झाकणात एक वाकडी नळी होती, तिच्यातून आतली हवा बुडबुडत बाहेर पडायची. रणधीर तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचा. फुलं जर्मनीची, यीस्ट बेल्जियमचं, पाणी जारवाल्याचं. मूठभर ज्वारी तेवढी इथली. पण तो म्हणायचा, "हिच्यात आपल्या मातीची चव उतरते." बिअरला त्यानं इथल्या डोंगररांगेवरून 'बालाघाट' असं नाव दिलं होतं आणि तिच्यासाठी एक लेबल केलं होतं. गडद निळा कागद, खालच्या बाजूला डोंगराची एकच बारीक सोनेरी रेघ, वर सोनेरी अक्षरांत नाव. बाकी काही नाही. त्या रेघेवर त्यानं अख्खा पावसाळा घालवला होता.

उन्हाळ्यात पिंप तापू नये म्हणून त्यानं घरातला कूलर उचलून त्या खोलीत नेला. त्याची आई, लक्ष्मीबाई, पदरानं वारा घेत दारात येऊन उभी राहिली.

"काय आंबवतूस रं?"

"प्रयोग आहे, आई."

"आंबील म्हन की सरळ. आमी बी करतो. पर तिला कूलर लावल्याचं म्या काय आयकलं न्हाय."

"हिचं तापमान सांभाळावं लागतं."

"माजं नगं सांभाळू," म्हातारी म्हणाली आणि बाहेर बाजेवर जाऊन पडली.

शिवांजलीनं एकदाच विचारलं होतं, "याला परवाना लागतो ना?"

"मी विकत थोडीच आहे. ही कला आहे."

"आत इथेनॉल आहे," ती म्हणाली. "त्याला कला कळत नाही."

तेवढ्यावर तो विषय संपला, आणि भैय्या जिना चढून येईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

भैय्या म्हणजे कृष्णराज. नगरपालिकेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल म्हणत तो कधीपासून कडक इस्त्रीत बसला होता. मधल्या वेळात लोकांपुढं राहायला काहीतरी पाहिजे, म्हणून त्यानं 'व्यसनमुक्त कळंब' अशी मोहीम काढली. तिचं पोस्टर रणधीरनं करावं असं त्याच्या मनात आलं. सोबत त्यानं गोरोबाला आणलं होतं. गावातले सगळे फ्लेक्स गोरोबाच्या मशीनवर छापले जायचे.

भैय्यानं काय काय पाहिजे ते सांगितलं. कवटी पाहिजे. बाटलीतून साप निघालेला पाहिजे. एका बाजूला रडणारी बाई, मागं जळतं घर.

रणधीरनं डोळे मिटून घेतले. "भैय्या, भीती दाखवून माणूस बदलत नाही. एकच ग्लास दाखवायचा. बाकी रिकामी जागा."

"त्या रिकाम्या जागेत माझा फोटू बसंल?"

रणधीरनं डोळे उघडले. "बसेल."

"पुण्यात असंच करतेत का?"

"हो."

"मग करा," भैय्या म्हणाला.

ग्लासात ओतायला रणधीरच्या घरात एकच गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तसा तो बाटली घेऊन गच्चीवर गेला. ग्लासावर ग्लिसरीनचे थेंब उडवले, कठड्यावर काळं कापड घातलं, उन्हाकडं तोंड करून बिअर ओतली. फेस चढला, काठावर येऊन थरथरत थांबला. मागून तिरपं ऊन आलं आणि आतला सोनेरी रंग पेटल्यासारखा झाला. रणधीरनं फोटो काढले. बाटली शेजारीच उभी होती. लेबल मागं फिरवायचं त्याच्या डोक्यात होतं, अगदी हातही पुढं केला त्यानं. पण उन्हात ती सोनेरी रेघ अशी काही चमकली की त्याचा हात मागं आला. पुण्यात सात-आठ वर्षं त्यानं लोकांच्या तेलाच्या आणि तुपाच्या बाटल्यांचे फोटो सजवले होते. ही त्याची स्वतःची बाटली होती.

फोटोवर त्यानं चारच शब्द लिहिले: 'एक घोट. मग घर.' म्हणजे आज एक घोट जाईल, उद्या घर जाईल. कोपऱ्यात छोटीशी लाल फुली टाकली. रिकाम्या जागेत भैय्या हात जोडून हसत उभा राहिला.

गोरोबानं पडद्यावर ते बघितलं आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. "भैय्या, मला तर तहानच लागली बघा."

"हेच पाहिजे!" रणधीर म्हणाला. "आधी मोह, मग धक्का."

"धक्का कुठं हाय?"

"तो माणसाच्या मनात बसतो."

गोरोबानं फोटोत धक्का शोधला, मग भैय्याकडं बघितलं. भैय्या स्वतःच्या फोटोकडं बघत होता. दाढी चांगली आली होती. "छापा," तो म्हणाला.

एसटी स्टँड, मोंढा, दवाखान्याचा कोपरा, येरमाळ्याकडं जाणारा रस्ता, सगळीकडं पोस्टर लागलं. उन्हाळा मरणाचा होता. हमाल पोती टाकून सावलीला आले की समोर तो ग्लास, घाम आल्यासारखा गार, आणि शेजारी भैय्या हात जोडून बोलावतोय. 'एक घोट. मग घर.' लोकांनी ते वाचलं आणि त्यांना सल्ला पटला. दिवसभर राबलेल्या माणसानं आधी एक घोट घ्यावा, मग घरी जावं, यात चुकीचं ते काय?

रणधीर स्टँडवर चहा पीत होता तेव्हा बाजूच्या बाकावर दोघं बोलत होते.

"भैय्याची नवी बिअर आली म्हनं."

"व्हय. बालाघाट. फोटूच असा हाय, तोंडाला पानी सुटतंय."

"फोटू कुनी काडला आसंल?"

"बाहीरचा आसंल कुनीतरी. हितल्या मानसाला जमनार हाय का?"

रणधीरच्या हातातला चहा गार झाला. कळंबात आल्यापासून त्याच्या कामाला कुणी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. आपलं पोस्टर उलटं पडलंय हे त्याला चांगलं कळत होतं. पण छाती फुगायची ती फुगलीच. रात्री जेवताना त्यानं शिवांजलीला ते संभाषण दोनदा सांगितलं.

त्याच आठवड्यात मोहिमेचं फळ दिसावं म्हणून ओढ्याच्या कडेच्या हातभट्ट्या फोडल्या गेल्या. पेपरात फोटो आला: फुटलेली मडकी, वाहून गेलेलं रसायन, बाजूला तोंडावर पदर घेतलेल्या दोन बाया. रणधीर आपल्या बिअरचा ग्लास हातात घेऊन पेपर बघत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "काय वाटेल ते घालतात हे लोक. नवसागर, बॅटरीतलं काहीबाही."

"हो ना," शिवांजली भाजी निवडत म्हणाली. "आणि मडक्याला लेबलही नव्हतं."

रणधीरनं मान वर केली. ती भाजी निवडत होती.

भट्ट्या फुटल्याच्या तिसऱ्या दिवशी बचत गटाच्या बाया भैय्याच्या ऑफिसात शिरल्या. त्यांच्या हातात फाडून आणलेलं पोस्टर होतं. "भैय्या, आमचे मालक तुमच्या फोटूला नमस्कार करून प्यायला बसतेत," त्यातली म्होरकी म्हणाली. "तुमी हात जोडून बोलावल्यावर त्यांनी काय करावं?" भैय्यानं आणखी हात जोडले. त्यानं ते आणखीच पोस्टरसारखं दिसायला लागलं. शेवटी त्यानं गोरोबाला फोन करून सगळे फ्लेक्स उतरवायला लावले.

फ्लेक्स उतरले, पण सगळे गोरोबापर्यंत पोहोचले नाहीत. एक फ्लेक्स स्टँडमागच्या बिअरच्या दुकानात सापडला. दुकान तुळजारामचं होतं. गेले कित्येक दिवस गिऱ्हाईक येऊन त्याला म्हणत होतं, "पोस्टरवरची द्या." तो म्हणायचा, "गाडी येरमाळ्याला आडकलीय, सांच्याला येतीय." सांज झाली की म्हणायचा, सकाळी. असं किती दिवस सांगणार? मग एक दिवस गाडी आली.

रणधीरला हे केशकर्तनालयाच्या मालकानं सांगितलं. "तुमच्या फोटूतली बिअर मिळाया लागली की वो. म्या काल घेतली."

रणधीर तसाच उठून तुळजारामच्या दुकानात गेला. फ्रिजमध्ये बाटल्यांची रांग होती. नेहमीचीच स्वस्तातली कडक बिअर, तिच्यावर नवं लेबल चिकटवलेलं. त्यानं एक बाटली उचलली, आणि तुळजाराम नंतर लोकांना सांगायचा त्याप्रमाणे, त्याचा चेहरा घरातलं कुणी गेल्यासारखा झाला.

बालाघाटावर बर्फ पडला होता. त्याची ती एक सोनेरी रेघ कुठंच नव्हती. तिच्या जागी इंटरनेटवरून उचललेला भलामोठा पांढराशुभ्र डोंगर होता, पायथ्याला देवदाराची झाडं, डोंगरामागून सूर्य, सूर्यासमोर झेपावणारा गरुड. 'बालाघाट' हे नाव लाल होतं, त्याला पिवळी किनार, किनारीला काळी सावली.

"हे कुणी केलं?"

तुळजाराम काउंटरमागं हवा घेत बसला होता. त्याला वाटलं हा बनावट मालाबद्दल बोलतोय. तो सावध झाला. "वरूनच आलंय."

"डोंगरावर बर्फ? बालाघाटावर? येडशीच्या घाटात कधी बर्फ बघितलाय तुम्ही?"

"अवो, थंड बिअर हाय," तुळजाराम म्हणाला. "बर्फ नगं का?"

"आणि गरुड कशाला?"

"त्यो रिकामी जागा दिसत व्हती म्हणून."

तिथून रणधीर गोरोबाकडं गेला. गोरोबा काही लपवणारा माणूस नव्हता. "आर्डर आली, छापली. तुमच्या फोटूतलंच लेबल मोठं करून दावलं त्यानं. पर त्यात दिसायलाच काय नव्हतं वो, नुसती एक रेघ. मग म्याच जरा भरून दिलं." आणि शाबासकीची वाट बघत तो हसला.

दुसऱ्या एखाद्याला या ठिकाणी भीती वाटली असती. घरात परवाना नसलेली बिअर, तिचं नाव बाजारात फिरतंय, नकली माल विकला जातोय. समजदार माणसानं पिंप मोकळं करून मागचं दार लावून घेतलं असतं. रणधीरला त्या रात्री झोप आली नाही ती त्या गरुडामुळं. सकाळी उठून त्यानं स्वतःची बाटली आणि तुळजारामची बाटली शेजारी शेजारी ठेवली, फोटो काढला आणि 'कळंबदर्शन'मध्ये टाकला. खाली लिहिलं: 'डावीकडे अस्सल, उजवीकडे नक्कल. अक्षरांमधलं अंतर बघा आणि रडा.'

पुण्याचे मित्र हसले. पण या वेळी कळंबनंही बघितलं. दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. अक्षरांमधलं अंतर कुणी बघितलं नाही. 'डावीकडे अस्सल' एवढं मात्र सगळ्यांनी वाचलं.

शिवांजलीला ते कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दिसलं. तास सोडून ती घरी आली. "ही बाटली कुठल्या टेबलावर ठेवलीय, बघा जरा."

रणधीरनं बघितलं. टेबल घरचं होतं. मागं खिडकीत लक्ष्मीबाईचं नऊवारी लुगडं वाळत होतं, आणि कडेला पिंप होतं, नळीसकट.

त्यानं फोटो काढून टाकला. तोवर भैय्याचा फोन आला होता. "ताबडतोब ऑफिसला या. खात्याचे साहेब आलेत."

भैय्याच्या ऑफिसात दारूच्या खात्याचे एक अधिकारी खव्याच्या कुंद्याच्या वड्या खात बसले होते. तुळजाराम कोपऱ्यात उभा होता. त्याच्या दुकानातला माल आधीच जप्त झाला होता, आणि त्यानं ओरडून ओरडून सांगितलं होतं की मूळची बाटली रणधीरची. गोरोबा दाराशी होता.

भैय्यानं रणधीरला आत घेण्याआधी बाहेर व्हरांड्यात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाला, "रणधीरराव, आता एकच करायचं. फोटू तुमी इंटरनेटवरनं उचललाय. बाटली बी इंटरनेटवरची, लेबल बी. तुमचं ह्यात काय न्हाय. गोरोबा व्हिडिओ काडील, तेवढं बोलायचं आन् मोकळं व्हायचं."

"पण ते लेबल माझं आहे."

"तेच न्हाय म्हणायचंय."

"भैय्या, ती रेघ..."

"रेघ धरून जेलात जाता का?" भैय्यानं विचारलं.

आत साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. माणूस सौम्य होता, उन्हानं दमलेला होता. "हे म्हणतात, तुम्ही घरी बिअर बनवता."

रणधीरनं तोंड उघडलं.

"आता मलाच सांगा," साहेब पुढं म्हणाले, "कळंबात घरी बिअर कोण बनवणार? अन् अशी? त्या फोटोतला फेस बघितला का तुम्ही? असा फेस यायला मोठी फॅक्टरी लागते. परदेशी मशिनरी लागते. हे घरच्या पिंपात होणारं काम आहे का?"

रणधीरचा चेहरा लाल झाला. त्या क्षणी त्याला काय वाटलं ते त्यानं पुढं शिवांजलीला सांगितलं: जेलची भीती होतीच, पण तिच्यावर मात करून एकच वाक्य ओठापर्यंत आलं होतं, 'होतं, साहेब. मी करतो.' भैय्यानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. वाक्य परत गेलं.

"नाही होत," रणधीर म्हणाला.

"तेच म्हणतो मी."

गोरोबानं मोबाइल आडवा धरला. रणधीर मोहिमेच्या फलकासमोर उभा राहिला आणि बोलला. मी रणधीर, राहणार कळंब. पोस्टरमधला फोटो मी काढलेला नाही, तो इंटरनेटवरून घेतला. बाटलीचं नाव आणि लेबल मी केलेलं नाही, तेही घेतलेलं आहे. माझ्या घरातल्या टेबलावरचा फोटो म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली गंमत होती. यात माझं स्वतःचं काही नाही.

"शेवटचं जरा मोठ्यानं," गोरोबा म्हणाला. "पंख्याचा आवाज येतोय."

"यात माझं स्वतःचं काही नाही," रणधीर मोठ्यानं म्हणाला.

इंटरनेटवरच्या लेबलवर इथल्या डोंगराचं नाव कसं, हे कुणीच विचारलं नाही. साहेबांनी शेवटची वडी उचलली आणि म्हणाले, "इंटरनेटवर आता सगळं मिळतं." ते तुळजारामला घेऊन गेले. पुढं त्याला दंड झाला आणि दुकान काही दिवस बंद राहिलं.

व्हिडिओ भैय्याच्या इंटरनेटवरच्या पानावर संध्याकाळीच लागला. पुण्याच्या मित्रांनीही तो बघितला. जुन्या कंपनीतल्या त्याच्या वरिष्ठानं खाली लिहिलं होतं, 'आम्हाला आधीपासूनच शंका होती.' त्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले होते.

अंधार पडायच्या बेताला भैय्याची गाडी दारात येऊन थांबली. भैय्या एकटाच होता. इकडंतिकडं बघून म्हणाला, "मागल्या खोलीत काय शिल्लक हाय का? बघावं म्हणलं तरी, एवढा कशापायी गोंधळ झाला."

रणधीरच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. त्यानं उत्तम ग्लास काढला, पुसला, बाटली तिरपी धरून हळू ओतली. फेस काठावर येऊन थांबला. भैय्यानं एक घोट घेतला आणि तोंड कडू केलं. दुसरा घेतला. ग्लास खाली ठेवला.

"रागवू नगा रणधीरराव," तो म्हणाला, "पर तुळजारामची बरी व्हती."

"ती नेहमीची... तो कडवटपणा हॉप्सचा असतो, भैय्या. मुद्दाम आणलेला असतो. आधी कडू लागतं, मग मागून ज्वारीचा..."

"मागनं बी कडूच लागतंय," भैय्या म्हणाला. जाताना मात्र त्यानं दोन बाटल्या पेपरात गुंडाळून नेल्या. फुकटाला चव नसते.

रणधीर ओट्यावर बसून राहिला. शिवांजली पेपर तपासत होती. त्यानं विचारलं, "तुला कशी लागायची? खरं सांग."

तिनं पेन खाली ठेवलं. "मला कधीच आवडली नाही."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्या खोलीत असलात की कुणाला नावं ठेवत नव्हता," ती म्हणाली. "तेवढं तरी घरात बरं वाटायचं."

तो उठला, मागं गेला आणि एकेक बाटली उघडून न्हाणीत ओतायला लागला. वास गल्लीभर गेला. शेजारीण कुंपणाशी येऊन विचारू लागली, काय नासलं का? लक्ष्मीबाईनं तिला सांगितलं, "व्हय, पोराचा प्रयोग नासला." पिंप तिनं धुऊन घेतलं आणि त्यात गहू भरले.

भैय्याचं नवं पोस्टर रणधीरनं एका दुपारीत करून दिलं. कवटी, साप, रडणारी बाई, जळतं घर. त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. त्यामुळं बचत गटाच्या बायांची तक्रार राहिली नाही, आणि मोहीम यशस्वी केल्याबद्दल भैय्याचा धाराशिवला सत्कार झाला.

रणधीर काही दिवस पाट्यांचे फोटो काढायला जात नव्हता. मग दिवाळीच्या सुट्टीत त्यानं जाहीर केलं की बाजारातला पाव म्हणजे विष आहे, आणि तो स्वतः घरी पाव करणार, नैसर्गिक आंबवणाचा. पिठाचं भांडं ओल्या फडक्यात झाकलं गेलं. त्याला तो दिवसातून चारदा बघायला जाऊ लागला.

पहिला पाव विजेच्या भट्टीतून निघाला तेव्हा वरून सुंदर दिसत होता. रणधीरनं तो खिडकीत नेला, पाटावर ठेवला, थोडं पीठ भुरभुरवलं आणि फोन काढला. या बाजूनं, त्या बाजूनं फोटो घेतले. खाली काय लिहावं याचा विचार करत तो उभा असताना शिवांजली आली, तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि सुरी दिली.

"आधी खाऊन बघा."

सुरी चालेना. दोन्ही हातांनी दाबून त्यानं एक तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला. लक्ष्मीबाई आणि शिवांजली त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. पिठात काहीतरी दोष असेल, भट्टी इथल्या विजेवर नीट तापत नसेल, कळंबच्या हवेला हे मानवत नसेल, असं काहीतरी आता येणार म्हणून शिवांजली थांबली होती.

"दगड झालाय," रणधीर म्हणाला. "माझंच चुकलं."

लक्ष्मीबाईनं चहाचं पातेलं पुढं सरकवलं. "बुडवून खा," ती म्हणाली. "भिजला की जाईल."

तिघांनी मिळून तो पाव संपवला.